बाहीला बांधलेले नारळ

अर्जदार : प्रल्हाद तोताराम, अर्जनवीस, बैठक कचेरीसमोरील निंबाखाली, चोपडे, जिल्हा जळगाव.
विरुद्ध पक्ष : कॅप्टन रोहिणीताई, वैमानिक, मुक्काम धुळे. विमान पांढरे, एका पंख्याचे.
घटनेचा दिवस : आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ठिकाण : सातपुड्यातील मोहपाणी गावची मुरमाची धावपट्टी.
साक्षीदार : सुकलाल नाना, ज्यांची मुलगी झोक्यावरून पडली. योगिता, अर्जदाराची कन्या. आणि पश्चिमेचा वारा, जो समन्स घेत नाही.
तक्रारीचे कारण : मत्सर. हे कारण छापील नमुन्यात सापडले नाही, म्हणून हाताने लिहिले आहे.

पुन्हा आखाजी आली आहे. निंबाचा मोहोर झडून गेला, फांद्यांना हिरव्या निंबोळ्या लागल्या, आणि दुपारच्या झळांनी शाईच्या पॅडवर साय धरावी तशी खपली धरू लागली. अंगठा घेताना आधी पाण्याचे बोट फिरवावे लागते. बाजारात कुंभाराने घागरी मांडल्या आहेत आणि त्याच्या शेजारी दोरवाला झोक्याचे दोर घेऊन बसला आहे. गावाबाहेर केळीच्या बागांना शेवरीचे कुंपण आहे, तरीही गरम वारा आत शिरतो आणि पानांच्या चिंध्या करतो. एस. टी.तून रोज लेकी उतरतात. कोणाबरोबर भाऊ असतो, कोणाबरोबर बाप. सासरी जाऊन लेकीला सणासाठी घेऊन येणाऱ्या त्या माणसाला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळी उतरला की त्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट रुबाब असतो. विहिरीतून भरलेली कळशी वर आल्यावर ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, तसा.

तो रुबाब पाहणे या दिवसांत माझ्याने होत नाही. मी मान खाली घालून लिहीत राहतो.

माझी योगिता अविवाहित आहे. तरीही ती सासरी आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. तिचे सासर म्हणजे पत्र्याची एक शेड, मुरमाची एक पट्टी आणि एक खांब. त्या सासरची सासू आकाशातून येते.

मोहपाणीला ती पट्टी झाली, त्या उन्हाळ्यात घाटाचा रस्ता रुंद करण्यासाठी उकरून ठेवला होता. पाड्यावरचा आजारी माणूस खाली आणायचा, तर जीपला सकाळची दुपार होई. म्हणून एका फिरत्या दवाखान्याने डॉक्टर आणि औषधे नेण्यासाठी लहान विमान सुरू केले. पट्टीवर देखरेखीला विज्ञान शिकलेले कोणी हवे होते. योगिताने अर्ज केला. तो अर्ज तिने स्वतः लिहिला. अर्जनवीसाच्या मुलीने आपला अर्ज आपणच लिहावा आणि तो मंजूर व्हावा, ही या प्रकरणातील पहिली नोंद समजावी.

तिचे काम ऐकायला साधे. सकाळी पट्टीवरून पायी चालत जाऊन दगड वेचायचे, गुरे हाकलायची आणि विमान दिसले की हातातल्या वायरलेसवर वारा सांगायचा. वारा कळावा म्हणून पट्टीच्या कडेला उंच खांबावर कापडाची, दोन्हीकडून उघडी, केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांची एक लांब पिशवी टांगलेली होती. वारा आत शिरला की ती फुगून आडवी होई. गावाने तिला ‘बाही’ हे नाव दिले, कारण ती एखाद्या अवाढव्य माणसाच्या सदऱ्याची बाही वाटे.

सुट्टीला घरी आली की योगिता पूर्वी माझ्याजवळ येऊन बसत असे. ‘आप्पा, “तसदी” म्हणजे काय? “मुखत्यार” म्हणजे काय?’ मी सांगत असे. दहावीच्या परीक्षेला दोनदा बसलेला माणूस, परंतु शब्दांचा साठा माझ्यापाशी वकिलांपेक्षा मोठा आहे आणि हे वकीलही जाणतात. त्या उन्हाळ्यापासून ती विचारीनाशी झाली. ती सांगू लागली.

‘आप्पा, कॅप्टनताई विमानाभोवती फिरतात ना, तेव्हा सगळ्याला हात लावतात. पंख, चाक, शेपूट. रोज. काल बघितलं म्हणून आज सोडत नाहीत.’

‘बैलाला पोळ्याच्या आधी असाच हात लावतात,’ मी म्हणालो.

‘पोळा वर्षातून एकदा असतो, आप्पा.’

तिची आई हसली. मी हसलो नाही.

टाकीतून थोडे तेल काचेच्या पेल्यात काढून कॅप्टनताई तो उन्हासमोर धरतात म्हणे, तळाला पाणी आहे की काय ते पाहायला. माणूस आणि सामान काट्यावर चढवल्याखेरीज आत घेत नाहीत म्हणे. एकदा पाड्यावरच्या लोकांनी डॉक्टरांना आंब्यांची टोपली दिली. कॅप्टनताईंनी टोपली तोलली, डॉक्टरांना तोलले आणि म्हणाल्या, ‘दोघांतला एक निवडते. डॉक्टरांचा सीझन वर्षभर असतो, आंब्यांचा नाही. तुम्ही उतरा.’ डॉक्टरांनी हसत टोपली परत केली. ही गोष्ट सांगताना योगिताचे डोळे ज्या रीतीने चमकले, ती रीत माझ्या परिचयाची होती. तिसरीत असताना, एका विधवेच्या जमिनीवरचा दुसऱ्याचा कबजा माझ्या अर्जाने सुटला, तेव्हा हीच मुलगी वर्गात सांगत फिरली होती, ‘माझ्या आप्पांनी जमीन परत आणली.’ तेच डोळे होते. फक्त कर्ता बदलला होता.

मत्सर ही भावना लोक समजतात तशी पेटती नसते. ती शाईसारखी असते. एक थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला की माणूस दिवसभर त्यावर हात ठेवून बोलतो.

आखाजीला मी मुराळी होऊन मोहपाणीला निघालो. बायकोने सांजोऱ्यांचा डबा दिला. उकरलेल्या घाटातून जीपने हाडे खिळखिळी करीत वर पोहोचलो, तेव्हा उन्हाने पळसाची पाने सुद्धा हलायची थांबली होती. गावात मात्र आनंद होता. मोठ्या आंब्याला झोका बांधलेला. माहेरी आलेल्या पोरी दोघी-दोघी उभ्या राहून झोका चढवीत होत्या, लुगड्यांचे सोगे फुगत होते, आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्या आणखी उंच, आणखी उंच म्हणून ओरडत होत्या. मला पाहून योगिता शेडमधून आली. अंगावर पिवळे जाकीट, डोक्यावर टोपी. पायाला हात लावला आणि लगेच म्हणाली, ‘आप्पा, आज दुपारी विमान आहे. ते गेलं की मी चार वाजता मोकळी. मग घरी.’

‘सणाच्या दिवशी?’

‘औषधांना सण नसतो.’ हे वाक्य तिचे नव्हते. ते कोणाचे होते हे मी तिला विचारले नाही.

बाहीचा खांब मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला आणि चकित झालो. खांबाच्या बुडाशी कुंकू होते. अगरबत्त्यांची राख होती. वर चढायच्या खिळ्यांना लाल दोरे होते, आणि खुद्द बाहीच्या मोकळ्या टोकाला सुती दोराने नारळ बांधलेले होते. गावातल्या बायांनी ती बाही देवाचे निशाण मानली होती. आकाशातून उतरणारी वस्तू ज्याच्याकडे पाहून उतरते तो खांब देवाचा नसेल, तर मग देवाचा कोणता? आदल्या रात्री नवस फेडायला कोणाचा तरी नातू वर चढला होता.

योगिताही वर पाहत होती. ‘सकाळी दगड वेचले, वर पाहिलंच नाही,’ ती पुटपुटली आणि शिडी मागवायला वळली. तेवढ्यात आंब्याखालून किंकाळी आली.

झोक्याचा दोर तुटला होता. सुकलाल नानांची मंगल, लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी, उंचावरून फेकली जाऊन बांधावर आपटली होती. मांडीचे हाड मोडले हे दिसतच होते. नाना दोराचे टोक हातात घेऊन उभे होते. ‘हाऊच दोर शे,’ ते म्हणत होते, ‘दर साले हाऊच दोर बांधतस.’ दोर आतून कुजलेला होता. बाहेरून पिळाने घट्ट दिसत होता.

मंगलला पट्टीवर आणले. विमान येतच होते. सगळ्यांच्या माना वर झाल्या. येथे एक गोष्ट नोंदवतो. माझ्याकडे येणारा माणूस मान खाली घालून येतो. त्या वैमानिक बाईची वाट पाहणारा मान वर करून उभा राहतो. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी मान वर केलेली मला आठवत नाही.

आणि त्याच वेळी वारा उठला. पश्चिमेकडून धुळीची भिंतच आली, पळसाची पाने जमिनीला समांतर धावू लागली, पत्रे वाजू लागले. पट्टी दक्षिणोत्तर. वारा बरोब्बर आडवा. बाही मात्र, नारळांच्या वजनाने, निजलेल्या माणसाच्या हातासारखी खाली लोंबत होती. वरून पाहणाऱ्याला ती सांगत होती की खाली वारा मुळीच नाही.

योगिताने वायरलेस तोंडाशी धरला. तिचा आवाज कापला नाही, हे बाप म्हणून मुद्दाम नोंदवतो.

‘बाहीवर विश्वास ठेवू नका. बाहीला नारळ बांधलेत. वारा पश्चिमेचा, जोराचा, पूर्ण आडवा. पेशंट आहे, मांडी मोडली आहे, शुद्धीवर आहे.’

खरखर झाली. मग ती ऐकलेले शब्द मोठ्याने परत म्हणू लागली. त्यांची ती पद्धतच आहे. ऐकणाऱ्याने ऐकलेले परत बोलून दाखवायचे आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचे, तोवर सांगितलेले सांगितलेच नसते.

‘आत्ता उतरणार नाही. वारा पडल्यावर येणार. सूर्य मावळल्यावर येणार नाही. विमानावर विसंबू नका, खालून गाडी आत्ताच मागवा. पाय हलू देऊ नका, दोन्ही बाजूंनी फळ्या बांधा.’

खरखर. ‘बरोबर.’

विमान डोक्यावरून एक फेरी घालून धुळ्याच्या दिशेने लहान होत गेले.

गावकऱ्यांचा संताप मी समजू शकतो. डोक्यावर आलेली मदत परत गेली होती. मंगल कण्हत होती. ‘बाई शे म्हनीसन घाबरनी,’ कोणीतरी म्हणाले. ‘पगार तर बठ्ठा लेस ना?’ आणखी कोणी पुऱ्या पगाराची आठवण काढली. मग कोणाला तरी माझी पिशवी दिसली. ‘भाऊ अर्जनवीस शेतस. लिखा ना भाऊ, तक्रार!’

अशा वेळी माझी लेखणी थांबत नाही. आंब्याच्या बुंध्याला टेकून, गुडघ्यावर पॅड ठेवून मी असा एक अर्ज लिहिला की तो आजही मला पाठ आहे. ‘सदर वैमानिक बाईंनी, पीडित अबला वेदनेने विव्हळत असता, केवळ स्वजीवाच्या मोहापायी, भ्याडपणे पलायन केले.’ पलायन! हा शब्द लिहिताना वाऱ्याचीही मला भीती वाटली नाही. आमच्या नियमाप्रमाणे तळाशी ओळ टाकली, ‘वरील मजकूर आम्हांस वाचून दाखविला, तो आमच्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’, आणि अंगठ्यांसाठी शाई काढली. ही ओळ प्रत्येक अर्जाच्या शेवटी असते. माझ्या गुरूंच्या अर्जांत होती, त्यांच्या गुरूंच्या अर्जांत होती. वाचून दाखवायला वेळ कोणाला असतो? ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत आणि कचेरीचे दार बंद होण्याची वेळ झालेली असते. ती ओळ म्हणजे अर्जाची शेपटी. बैल शेपटीने ओढत नाही.

मंगलच्या पायाला फळ्या बांधून योगिता हात पुसत आली. शिडी लावून बाही मोकळी केलेली होती. ती आता आडवी ताठ होऊन फडफडत होती आणि सोडवलेले नारळ खांबाशी ओळीने ठेवलेले होते.

‘आप्पा, हे वाचून दाखवलंत का यांना?’

‘लिहिले आहे तसे.’

‘लिहिलंय. दाखवलंत का?’

तिने कागद घेतला आणि उभ्याने, वारा ओलांडून, वाचायला सुरुवात केली. मी मुलीच्या तोंडून माझे गद्य प्रथमच ऐकत होतो. वाचते छान. परंतु पलायनापाशी नानांनी हात वर केला.

‘पलायन म्हंजे काय वं पोरी?’

‘पळून गेली, नाना.’

सुकलाल नाना माझ्याकडे वळले. लेक पुढ्यात कण्हत असलेला तो बाप, परंतु आवाज शांत होता. ‘भाऊ, मी हाई कव्हय म्हनं? ती पयनी नही. ती सांगीसन गयी, वारा पडना का येसू. पयनारा मानूस असं सांगीसन जास का?’

नाना पुन्हा हातातल्या दोराकडे पाहू लागले. ‘दोरले बी कोनी इचारतं तं बरं व्हतं,’ ते म्हणाले.

योगिता पुढे वाचत गेली. ‘भ्याडपणे’ गेले. ‘स्वजीवाच्या मोहापायी’ गेले. ‘अबला’ खुद्द मंगलनेच, झोपल्या जागेवरून, काढायला लावले. ‘अबला कोन शे? मी झोका बठ्ठ्यासथून उंच चढाव्या!’ हसू फुटले आणि हसताना तिला कळ आली. शेवटी अर्जात एवढेच राहिले : विमान आले, वाऱ्यामुळे उतरले नाही, बाहीला आम्हीच नारळ बांधले होते, आणि नवस बांधायला आम्हाला जागा हवी. याला अर्ज म्हणत नाहीत. याला बोलणे म्हणतात. त्याखाली सगळ्यांनी आनंदाने अंगठे दिले.

सूर्य कलला तसा वारा पडला. वैशाखातल्या संध्याकाळचा तो क्षण मला आवडतो, हे मत्सर बाजूला ठेवून सांगतो. तापलेली जमीन श्वास सोडते, धूळ सोनेरी होऊन जागच्या जागी बसते, मोहाच्या झाडात पाखरे परत भांडू लागतात. बाही हळूहळू खाली आली, आणि या वेळी ती खरे बोलत होती. खालून मागवलेली गाडी अजून घाटातच होती. विमान आले ते इतके हलके उतरले की पट्टीवर धूळ देखील उठली नाही.

कॅप्टनताई खाली उतरल्या. माझ्याच वयाची बाई, उन्हाने रापलेली, केस आवळून बांधलेले. त्यांनी आधी मंगलच्या कपाळावर हात ठेवला, मग फळ्या पाहिल्या, मग विमानाभोवती ती फेरी घातली. सगळे घाईत असताना घातली. पंख, चाक, शेपूट. मग मंगलला फळ्यांसकट काट्यावर घेतले, नानांना घेतले. नानांच्या हातात तो कुजका दोर अजून होता, तो सुद्धा तोलला गेला.

योगिताने ‘हे माझे आप्पा’ म्हणताच मी पुढे झालो. ‘आपल्याविरुद्ध अर्ज आहे,’ असे ठणकावले.

‘द्या, नाना,’ त्या म्हणाल्या. मला. नाना. ‘मला लागेल.’ उभ्या उभ्या वाचला. मग त्यांनी जे केले, ते कचेरीत या हयातीत कोणी केलेले नाही. मला म्हणाल्या, ‘तुमचं म्हणणं असं आहे : मी आले, वाऱ्यामुळे उतरले नाही, बाहीला नारळ होते, आणि नवसासाठी वेगळी जागा हवी. बरोबर?’

माझे शब्द माझ्याकडे परत आले. इतकी वर्षे मी शब्द पाठवीत आलो, एकही परत आला नव्हता. ‘बरोबर,’ मी म्हणालो, आणि त्या क्षणी त्या बाईचा मला जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही. तिरस्कार करायला सुद्धा तिने जागा ठेवली नाही.

‘मुलगी तयार केलीत तुम्ही,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘तिने बाहीवर विश्वास ठेवा म्हटलं असतं, तर आज मी पट्टीवर पसरले असते.’

मी काही बोलणार, तोच योगिताने सांजोऱ्यांचा डबा पुढे केला. ‘कॅप्टनताई, आईनं दिलंय. तुम्ही दुपारपासून जेवला नसाल.’ डबा काट्यावर ठेवला गेला आणि आत गेला. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, ‘आप्पा, उद्या पहाटे परत फेरी आहे. पट्टीवर कोणीतरी हवं. मी नाही येऊ शकत.’

डबा विमानातून गेला. मुलगी पट्टीवर राहिली. मुराळी एकटा जीपने घाट उतरला.

पावसाळ्यापूर्वी खांबापासून दूर, शेडमागे, दुसरा एक खांब रोवला गेला. त्याला खास नारळांसाठी आकडे. त्यावर बायांनी शेंदूर चढवला आणि बाहीला पुन्हा कोणी हात लावला नाही. मंगल बरी झाली. आता आखाजीला आली की ती आधी दोराचा पीळ उलगडून आत पाहते, असे योगिता फोनवर सांगते. योगिता आता आणखी पश्चिमेकडे, नव्या पट्टीवर, नव्या मुलींना वारा सांगायला शिकवते. रविवारी फोन येतो. ‘कॅप्टनताई म्हणतात…’ या दोन शब्दांनी फोन सुरू होतो आणि मी यंत्र बायकोच्या हाती देतो. मग दाराशी उभा राहून सगळे ऐकतो.

माझ्या धंद्यात ‘नाही’ हा शब्द नाही. ‘होऊन जाईल, भाऊ’ हा आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दिला आणि प्रत्येक जण हात जोडून गेला. ती बाई ‘आत्ता नाही’ म्हणते आणि लोक सूर्य मावळेपर्यंत तिची वाट पाहतात. या गोष्टीचा विचार मी निंबाखाली बसून फार केला. अलीकडे मी अर्ज वाचून दाखवतो. कॅप्टनताईंमुळे नव्हे. वय झाले, घाई राहिली नाही, एवढेच. परवा अडावदची एक अक्का तीन वेळा म्हणाली, ‘भाऊ, मी असं नाही म्हटलं,’ आणि तीन वेळा मी खोडले. शेजारचा अर्जनवीस हसून म्हणाला, ‘काय प्रल्हादभाऊ, वायरलेस बसवला की काय?’ मी अक्काला पुढची ओळ वाचून दाखवली. अक्का मात्र जाताना मान वर करून गेली. तेवढे मी पाहिले.

या आखाजीलाही जमणार नाही, असे योगिताचे म्हणणे कालच आले. नव्या पट्टीवर वारा फार आहे.

सबब, विरुद्ध पक्षाकडे अर्जदाराची मागणी अशी. आपण माझ्याकडून जे नेले ते परत द्या, असे मी म्हणत नाही, कारण ते आपण तोलून, हात लावून, नीट नेले हे मला मान्य आहे. परंतु सण वर्षातून एकदा येतो आणि घरी सांजोऱ्या झाल्या आहेत. योग्य त्या हवामानात, सर्व तपासण्या करून, अर्जदाराच्या कन्येस एका दिवसाची रजा मिळावी. हा अर्ज हाच तिचा मुराळी समजावा. आपले उत्तर लेखी नको. ते तिच्याबरोबर पाठवावे, आणि तिने ते आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावे.

वरील मजकूर मी निंबाखाली स्वतःच स्वतःला वाचून दाखविला आहे. ‘बरोबर’ म्हणायला कोणी नव्हते. ती जागा कोरी सोडली आहे.